दवाखान्यात बर्फ पडला

बर्फ मी आजवर फक्त फ्रीजमध्ये पाहिला आहे, आणि तोही सुरीने खरवडून काढण्यापुरता. तेव्हा बर्फाळ रानाचं चित्र काढायला घेण्याचा मला अधिकार काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला तो पडला नाही, कारण पडायला हवा होता त्या वेळी मी थोरल्या जाऊबाईंशी फोनवर बोलत होते. त्यांच्याशी बोलताना मला प्रश्न पडत नाहीत. नुसती उत्तरं सुचतात, आणि तीही नको ती.

जाऊबाई दातांच्या डॉक्टर आहेत. राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर त्या नवा दवाखाना थाटत होत्या. खुर्ची कशी, दिवे कसे, फरशी किती गुळगुळीत, सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या की पेशंट बसतात तिथली मोठी भिंत अगदी भुंडी दिसते, तिथे काहीतरी थंड, शांत असं लावायचंय. दात उपटायला आलेल्या माणसाला समोर बघून जरा धीर आला पाहिजे. मग सहज म्हणाल्या, "तू काय, घरीच असतेस. बाजारात काही बरं दिसलं तर कळव."

'घरीच असते' हे माझं हुद्द्याचं नाव आहे. कुणाशी ओळख करून देताना जाऊबाईंना 'ह्या डॉक्टर' म्हणतात आणि मला 'ही घरीच असते'. ऐकणाराही मान डोलावतो आणि नजर पुढच्या वस्तूकडे नेतो, जी बहुधा कपाट असते. एरवी मला याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण भांडी घासताना वाटतं आणि भांडी संपली की विसरायला होतं. त्या दिवशी मात्र भांडी झालेली होती. मी म्हणून गेले, "विकत कशाला? मी देते की काढून. मी हल्ली चित्रं काढते."

हल्ली म्हणजे त्या क्षणापासून.

मग जाऊबाई म्हणाल्या, "काढ बाई. बर्फाचं काढ. बघूनच गार वाटेल." आणि उद्घाटनाची तारीखही सांगून टाकली, मी विचारलेली नसताना.

नवऱ्याला कळल्यावर त्याने विषय ताब्यात घेतला. त्याचं मत पडलं की दवाखान्यात लावायचं तर तैलचित्रच हवं, पाण्याचे रंग म्हणजे शाळेतलं काम. हा माणूस मोजपट्टी धरूनही रेघ वाकडी मारतो. पण मतं त्याची सरळ असतात. रंगांच्या दुकानात त्याने भिंतीचं माप सांगितलं आणि दुकानदाराने दारापेक्षा थोडा लहान असा कॅनव्हास काढला. सोबत तेलरंगाच्या ट्यूब, जवसाचं तेल, आणि रंग पातळ करायला, पुसायला म्हणून टर्पेंटाइनची भलीमोठी बाटली.

कॅनव्हास लिफ्टमध्ये मावला नाही. जिन्याने नेताना तो प्रत्येक वळणावर कुणाच्या ना कुणाच्या दारावर आपटत होता, आणि दार वाजलं की माणसं उघडतातच. समोरच्या काकू तर बाहेरच येऊन उभ्या राहिल्या. नवरा मोठ्या ऐटीत म्हणाला, "तैलचित्र काढणार आहे ही."

काकूंचा चेहरा पडला. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "कोण गेलं?"

यात त्यांची चूक नाही. आपल्याकडे जिवंत माणसाचा फोटो असतो, तैलचित्र होतं ते गेल्यावर. मी परोपरीने सांगितलं की कुणी गेलेलं नाही, बर्फ आहे, नुसता बर्फ. काकूंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या की वेळ लागतो सावरायला. त्यानंतर काही दिवस आमच्या मजल्यावर टीव्हीचे आवाज बारीक झाले. त्याचा मला फायदाच झाला, शिकायला शांतता मिळाली.

शिकवणारे गुरुजी मोबाइलमध्ये होते. दाढीवाले, मवाळ आवाजाचे. ते चपट्या सुरीने पांढरा रंग असा ओढत की डोंगरावर आपोआप बर्फ बसे, आणि मग हसून एक वाक्य म्हणत, ज्याने माझी झोप उडवली: बर्फ पांढरा नसतो. तो निळा असतो, जांभळा असतो, ऊन पडलं तर गुलाबीही असतो. पांढरा तेवढा नसतो. मी दुकानातून पांढऱ्याच्याच ट्यूब जास्त आणल्या होत्या.

माझा पहिला बर्फ न धुतलेल्या गोधडीसारखा झाला. दुसऱ्या बर्फाच्या वेळी नवरा आत आला आणि दूध उतू गेलं का, असं विचारून गॅस बघायला गेला. तिसऱ्यांदा झाडं जमली, पण ती बर्फात उभी नसून कापसाच्या गादीतून बाहेर आल्यासारखी दिसत होती. काकू रोज येऊन बसत आणि सल्ला देत. एक घर काढ, त्याच्या धुराड्यातून धूर काढ, म्हणजे आत कुणीतरी आहे असं वाटेल. एवढ्या थंडीत कुणीच नाही म्हणजे बघवत नाही. मी घर काढलं. ते उतरणीवरून घसरायच्या बेतात आलेलं दिसायला लागलं, म्हणून पुसलं. मग एक वाट काढली, झाडांमधून आत जाणारी. ती मात्र झाली, कशी कोण जाणे. बघितलं की पाय उचलावासा वाटे.

आणि तेलरंग सुकत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पंख्याखाली ठेवा, खिडकीत ठेवा, तो आपला ओलाच. नवरा एकदा घाईत त्याला घासून ऑफिसला गेला आणि दिवसभर कोपरावर हिवाळ्यातलं आभाळ घेऊन फिरला.

अशात एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. त्या थोरल्यांकडे असतात. मोजकं बोलतात, आणि माझ्याशी तर त्याहून मोजकं.

"तैलचित्र करतेयस म्हणे दवाखान्यासाठी."

"हो आई."

"कानांचं तेवढं बघ. ह्यांचे कान मोठे होते, पण फार मोठे नको दाखवूस."

मी समोरच्या चित्राकडे बघितलं. झाडं होती, डोंगर होता, वाट होती. कान कुठेच नव्हते. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. आईंच्या तोंडी 'हे' म्हणजे एकच माणूस, आणि ते माझे सासरे, जाऊन बरीच वर्षं झालेले. जाऊबाईंनी त्यांना 'धाकटी तैलचित्र काढतेय' एवढंच सांगितलं असणार. तैलचित्र म्हटल्यावर आणखी कुणाचं असणार? समोरच्या काकूंना जे कळलं तेच आईंनाही कळलं होतं.

मी 'आई, अहो' म्हणेपर्यंत त्या पुढे बोलल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "इतकी वर्षं झाली, थोरल्याला सुचलं नाही, थोरलीला नाही. तुला सुचलं."

लग्न झाल्यापासून त्यांनी माझं असं कौतुक केलं नव्हतं. एकदा पडदे बरे शिवलेस म्हणाल्या होत्या, पण ते शिंप्याने शिवले होते. त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर हे प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण फोनवर एक म्हातारी बाई आपल्या माणसाची वाट बघत होती, आणि त्याला आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी म्हणाले, "हो आई. बघते कानांचं."

फोटो शोधायला कपाटं उपसली. बाबांना फोटो काढायची हौस, त्यामुळे ते सदैव कॅमेऱ्याच्या मागे. अल्बमच्या अल्बम भरलेत, त्यात आम्ही सगळे दात दाखवतोय आणि ते कुठेच नाहीत. एका फोटोत त्यांची सावली सापडली. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा चेहरा मिळाला, त्यात ते नुकतेच पकडले गेल्यासारखे दिसत होते. तो समोर ठेवून मी वाटेवर एक माणूस उभा केला. तोंड झालं, आणि ते हुबेहूब आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं झालं. टर्पेंटाइनने पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा सेक्रेटरीच आले, या खेपेला जरा रागावलेले.

मग मी तोंडाचा नाद सोडला आणि माणसाला वळवलं. आता तो वाटेने पुढे चालला होता, आमच्याकडे पाठ करून. दोन्ही हात मागे गुंफलेले, डावा खांदा किंचित उतरलेला, मान पुढे, रस्त्यात काहीतरी पडलंय ते शोधत असल्यासारखी. बाबा तसेच चालायचे. गुरुजींना विचारायला लागलं नाही, ब्रश आपण होऊन चालला. पाठमोऱ्या माणसाचेही कान दिसतात, ते मी काढले. आईंनी सांगितल्याप्रमाणे बेताचे.

संध्याकाळी नवरा आला. मी बाजूला उभी राहिले. त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "रस्त्यात हा गॅसचा सिलिंडर कुणी ठेवला?"

मी आत जाऊन कुकरचं झाकण लावलं. ते लागत नव्हतं, मी दोनदा जोरात दाबलं. त्याला काय झालं ते कळेना. मी सांगणारही नव्हते. पोटच्या मुलाला जिथे बाप ओळखू येत नाही, तिथे बायकोने तरी काय ओळखायचं? भरल्या खोलीत आईंना सिलिंडर दाखवायचा, त्यापेक्षा सकाळी उठून पुसून टाकायचा, असं ठरवलं.

सकाळी सेक्रेटरी आले. खुद्द. टर्पेंटाइनचा वास जिन्यात पसरला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या कुणाचं तरी डोकं दुखत होतं. सेक्रेटरींच्या हातात नियमांची प्रत होती. त्यांनी मला समजावलं की घरात ज्वलनशील द्रव साठवायचा तर आधी कमिटीची परवानगी लागते, परवानगीला कारण लागतं, आणि मान्य कारणांमध्ये चित्रकला नाही. गच्चीचं डांबर आहे, लिफ्टचं ग्रीस आहे. मी म्हटलं, डांबरासाठी द्या. ते म्हणाले, डांबर दाखवा. बोलता बोलता त्यांची नजर कॅनव्हासवर, जिथे मी त्यांचं तोंड दोनदा पुसलं होतं त्या जागी गेली आणि तिथेच अडकली. त्यांना काय दिसलं देव जाणे. आवाज मात्र एकदम कडक झाला. बाटली वॉचमनच्या केबिनमध्ये कुलपात गेली, आणि तेलरंगाच्या ट्यूबही उघडायच्या नाहीत असं बजावून ते गेले.

आता पुसणार कशाने? माणूस वाटेवर उभाच.

दुकानदाराने तोड काढली. अ‍ॅक्रिलिक घ्या म्हणाला. पाण्यात चालतो, वास नाही, बघता बघता सुकतो. तेलावर चालतो का, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मधल्या काळात जाऊबाईंच्या एक्स-रे यंत्राची परवानगी अडकून उद्घाटन पुढे गेलं होतं, तेवढ्यात माझं तेलही वरवर सुकलं होतं. मी अ‍ॅक्रिलिकचा पांढरा काढला, त्यात चिमूटभर निळा घातला आणि बाबांवर बर्फ टाकायला घेतला. आधी पाय, मग ते गुंफलेले हात, मग उतरलेला खांदा. कानांपाशी हात जरा थांबला. त्यांच्यावर मी रंग पातळच लावला, उगीचच.

आणि काय सांगू, बर्फ झाला. गुरुजींच्या तोंडात मारेल असा. वाट बुजली, पण सगळ्या रानावर रात्रभर बर्फ पडून गेल्यासारखं निवांत दिसायला लागलं. नवरा "वा" म्हणाला. काकूंनी पदर खांद्यावरून घेतला आणि हे कुणाचं दुःख आहे ते नसेल सांगायचं तर नको सांगूस, म्हणाल्या.

आईंना खरं काय ते सांगायचं, एवढंच उरलं होतं. मी फोन केला. त्यांनीच आधी सांगितलं की ह्यांच्या ऑफिसातल्या दोघांना बोलावलंय. पुन्हा फोन केला तर त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या होत्या. चष्म्याचा नंबर बदलून घेते म्हणाल्या, त्या दिवशी नीट दिसायला हवं. त्यानंतर मी फोन उचलून नुसती हातात धरून बसत असे.

उद्घाटनाच्या दिवशी टेम्पोतून चित्र गेलं आणि टेम्पोत चित्राशेजारी मी. लवकर पोचून आईंना एकटं गाठायचं होतं. पण त्या वर आवरत होत्या, आणि खाली जाऊबाईंनी मला पकडलं. चित्र भिंतीवर चढलं, त्यावर चादर पडली. जाऊबाईंनी वर बोट दाखवलं. चित्राच्या अगदी डोक्यावर दोन झगझगीत दिवे बसवले होते. "तुझ्यासाठी खास लावून घेतले," त्या म्हणाल्या. चादरीला हात लावला तर कोमट लागत होती. मला वाटलं, माझाच हात तापलाय.

माणसं जमली. दोन म्हातारे गृहस्थ आले आणि कोपऱ्यात अदबीने उभे राहिले; ऑफिसातले असणार. आई खाली आल्या. नवा चष्मा, आणि मनगटावर बाबांचं घड्याळ, सैल, कोपरापर्यंत घसरणारं. पहिल्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांच्या पायाशी वाकले.

"आई, एक सांगायचं होतं."

"मग सांग. आधी बघू दे."

जाऊबाईंनी चादर ओढली.

बर्फ. पांढराशुभ्र, निळसर, शांत. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. जाऊबाईंनी चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं आणि शेजारच्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ही माझी जाऊ. चित्रकार आहे."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी ह्या सगळ्यात पडले होते, आणि ते कानावर आलं तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी आईंकडे बघत होते. त्या चित्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश नजर नेत होत्या, गाडीतून उतरणाऱ्या गर्दीत आपलं माणूस शोधावं तशा. कडेला पोचल्या की पुन्हा सुरुवातीपासून. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला. आणि हळूच मला विचारलं,

"आणि हे कुठेत?"

कोपऱ्यातले दोघे गृहस्थ एकमेकांकडे बघायला लागले. नवऱ्याने ऐकलं. तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि सिलिंडरपासून कुकरच्या झाकणापर्यंत सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उगवलं. मी तोंड उघडलं.

टप्.

फरशीवर नखाएवढा पांढरा पापुद्रा पडला होता. जाऊबाईंचं लक्ष आधी तिकडे गेलं, ती फरशी त्यांनी सकाळी औषधाने पुसून घेतली होती. मग दुसरा पडला. दिव्यांखाली बर्फाच्या कडा वळत होत्या, सुकलेल्या पानासारख्या. एक पापुद्रा सरबताच्या ग्लासात उतरला, एक कुणाच्या खांद्यावर. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अगं, बर्फ पडतोय."

"दिवे बंद करा," जाऊबाई म्हणाल्या.

"कुणी हात लावू नका," आई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

आधी कान उघडे पडले. तिथे रंग पातळ होता. मग मान, पुढे झुकलेली. मग एकदम मोठा तुकडा निसटला आणि डावा खांदा बाहेर आला, किंचित उतरलेला. तो गॅसचा सिलिंडर आपल्या पायांनी बर्फातून चालत पुढे निघाला होता, हात मागे गुंफून.

"बाबा," नवरा म्हणाला. हाक मारल्यासारखं. थांबा म्हणत असल्यासारखं.

आई चित्रापाशी गेल्या. नव्या चष्म्याची त्यांना गरज नव्हती, इतक्या जवळ. पायाखाली बर्फ चुरत होता.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "कुठेही निघालो की हे असे. चला म्हणायचं आणि लागायचं चालायला, मागे कोण आहे बघायचं नाही. जन्मभर मी ह्यांची पाठच बघत चालले." मग माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "कान मोठेच काढलेस की."

मी हो म्हटलं. मोठेच होते.

चित्र तिथेच आहे. गुरुजींनी हा सगळा प्रकार पाहिला असता तर दाढी उपटली असती. टर्पेंटाइनची बाटली अजून वॉचमनच्या केबिनमध्ये आहे, आणि सेक्रेटरी जिन्यात भेटले की आपला चेहरा हाताने चाचपून बघतात, असं मला उगीच वाटतं. मधूनमधून जाऊबाईंचा फोन येतो. आज परत बर्फ पडला, म्हणतात, आता टाच दिसायला लागली. त्यांना वाटत होतं की मी येऊन नीट करून द्यावं, पेशंटच्या अंगावर पापुद्रे पडतात. आईंनी हात लावू दिला नाही.

आई रोज दुपारी खाली येतात आणि पहिल्या खुर्चीवर बसतात. त्यांच्या तोंडात स्वतःचा असा एकही दात नाही. परवा एका नव्या पेशंटने विचारलं, आजी, तुमचा नंबर कितवा?

"माझा नाही नंबर," आई म्हणाल्या. "मी ह्यांच्याबरोबर आलेय."